हिरूबाईंचा तिसरा लाडू

"गाणं माझं हाय, आन मी ते कवाच पुरलंय," बायजा म्हणाली.

"पुरलेलंच उगवतं, आई."

"उगवू दे. कोंब खुडायला मी जिवंत हाय अजून."

हर्षलानं तांदळाच्या पिठाचा गोळा परातीत आपटला. बाहेर खाटेवर बसलेल्या मालोजींनी टीव्हीचा आवाज वाढवला. बायको आणि सून यांच्या मध्ये बोलायचं नाही हा त्यांचा पंधरा वर्षांचा नेम होता आणि तो त्यांच्या तब्येतीला मानवला होता. मुलाला तो जमत नव्हता. प्रवीण खोपोलीच्या कारखान्यातून पहिली पाळी संपवून नुकताच आला होता आणि एक मोजा पायात, एक हातात, असा आई आणि बायकोच्या मध्ये सापडला होता.

"झालंय काय पण?"

"तुझ्या बायकोला इचार. माझं गाणं तिनं वरच्या आळीतल्या हळदीत गायलं. आन मला कळलं कुठं, तर गिरणीत. गिरणीवाली म्हणती, मावशी, लाडवाचं गाणं लई भारी हाय तुमचं. माझ्या हातनं डबा पडायचा राहिला."

प्रवीणनं हातातला मोजा खाली ठेवला. "लाडवाचं? ताईच्या लग्नातलं?"

"तेच," हर्षला म्हणाली. "नाव बदलून म्हटलं मी. हिरूबाईंच्या जागी त्या नवऱ्या मुलाच्या आईचं घातलं. ती बाई हसून हसून बेजार. तीनदा म्हणायला लावलं लोकांनी."

"तुला अक्कल हाय का गं?"

"अक्कल आहे म्हणूनच म्हटलं. शेलूचा नवीन नावाचा मुलगा साउंड घेऊन आला होता त्या हळदीला. तो म्हणाला, वहिनी, हे गाणं इतकी वर्षं होतं कुठं? त्याच्या गाळ्यात रेकॉर्डिंग होतं. त्यानं काढलेली दोन गाणी उरणपासून मुरबाडपर्यंत प्रत्येक हळदीत वाजतात. तो म्हणतो, नाव तेवढं काढा, नुसतं ईनबाई ठेवा, म्हणजे कुणाच्याही विहिणीला चालेल."

"आन कशेळ्यात वाजलं तर?" बायजा म्हणाली. "सुरेखाच्या दारात मांडव असंल कुणाचा, आन तिच्या सासूबाई, हिरूबाई, ओट्यावर बसल्या असतील, आन हे वाजलं तर? ज्या गाण्यापायी ती बाई भरल्या ताटावरून उठली, तेच गाणं?"

"बावीस वर्षं झाली, आई."

"माझ्या पोरीला अजून नांदायचंय तिथं."

"तुझं काय जातंय," प्रवीण बायकोला म्हणाला, "भोगायला लागणार ताईला."

हर्षलानं हात धुतले, पदराला पुसले आणि सावकाश म्हणाली, "मला ते गाणं शिकवलं कुणी असं वाटतं तुम्हाला? आईंनी तर माझ्या लग्नातसुद्धा तोंड उघडलं नाही. सगळ्या गावाच्या सुनांना यांनी गाणी घातली, मी आले तेव्हा गप्प. मला ताईंनी शिकवलं. गेल्या साली वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो तेव्हा. अख्खं येतं त्यांना. एक ओळ चुकत नाहीत."

बायजा उठली आणि मागच्या दारी जाऊन म्हशीपुढं पेंढा टाकू लागली. म्हशीपुढं पेंढा आधीच होता.

बायजाला लिहिता-वाचता येत नाही. गाणी तिला काम करताना सुचत, आणि सुचली की ती लगेच कुणाच्या तरी नावाला बांधून टाकी. बिननावाचं गाणं तिला करताच येत नसे. इकडची रीतच तशी. हळदीला, ओटीला, विहिणीच्या पंगतीला म्हणायचं ते गाणं त्या घरातल्या माणसांची नावं घेऊन म्हणायचं. इतर बायका जुन्या चालीत नावं बदलत. बायजा मात्र प्रत्येक घराला नवं गाणं करायची. त्यात त्या घराचा कुत्रा असे, वाकडा दरवाजा असे, सासऱ्याची बिडी असे, नवरीची डाव्या हाताची सवय असे. ज्या घरासाठी केलं ते घर पोट धरून हसे किंवा डोळे पुसे. पण दुसऱ्या घरात ते चालत नसे. तिच्या सगळ्या गाण्यांचं हेच झालं. एका मांडवात जन्मली आणि मांडव सोडला तशी बांबूंबरोबर गेली.

त्यातली काही गाणी गाव ओलांडून जायला हवी होती. खालापूरजवळून मोठा रस्ता निघाला आणि गावाची गायरान जमीन अलीकडे, तळं पलीकडे राहिलं, तेव्हा बायजानं शेजारच्या पारूबाईच्या म्हशीवर एक गाणं केलं होतं.

*रस्ता आला गं रस्ता आला, मुंबईला पुण्याचा शेजार झाला,*
*पारूच्या म्हशीला तळ्यावर जायला दोन कोसांचा वळसा झाला.*

लावणीच्या दिवसांत बांधाबांधावरून बायका ते म्हणत. टोलनाक्याच्या रांगेत उभ्या असलेल्या हजारो गाड्यांना ते ऐकू जायला हवं होतं, असं आज वाटतं. पण ते पारूबाईच्या नावानं होतं. पुढं ती म्हैस विकली गेली आणि आता पारूच्या म्हशीचं गाणं काय म्हणायचं, म्हणून बायकांनी ते सोडून दिलं. दुसरं एक होतं, लग्न होऊन मुंबईच्या चाळीत गेलेल्या गावातल्या मुलीचं. तिला तिथं अंगणच नाही, म्हणून ती रांगोळी पोळपाटावर काढते आणि मग पुसून त्यावर पोळ्या लाटते. ते गाणं ऐकून तिची आई दोन दिवस जेवली नव्हती. आई वारली, गाणंही गेलं.

सगळ्यांत चांगलं होतं ते लाडवाचं. स्वतःच्या लेकीच्या लग्नातलं.

सुरेखाचं लग्न वैशाखात झालं. वऱ्हाड कशेळ्याहून दोन टेंपोंतून आलं होतं. आधी पुरुषांच्या पंगती उठल्या, मग बायकांच्या, आणि शेवटी विहीणबाईंची, म्हणजे मुलाच्या आईची, मानाची पंगत बसली. हिरूबाईंसाठी पाट, पाटाभोवती रांगोळी, दोन्ही बाजूंना त्यांच्याकडच्या पाच बायका. समोर नवरीकडच्या बायका गाण्याला उभ्या. हे गाणं टोचूनच म्हणायचं असतं. विहिणीला खादाड म्हणायचं, आळशी म्हणायचं, तिच्या नवऱ्याची टवाळी करायची. तिच्याकडच्या बायकांनी उलट उत्तर द्यायचं. मग विहिणीनं लटकं रुसायचं, साडी घ्यायची आणि हसून पहिला घास उचलायचा. सगळ्यांना ठाऊक असलेला खेळ.

बायजानं पंधरा दिवस खपून गाणं केलं होतं.

*हिरूबाई ईनबाई बसल्या गं पाटावर,*
*नजर त्यांची फिरते गं लाडवाच्या ताटावर.*
*पैला लाडू तोंडात, दुसरा लाडू पदरात,*
*तिसरा लाडू लपवला व्याह्यांच्या सदऱ्यात.*

पहिल्या दोन ओळींना हिरूबाई मान खाली घालून बसल्या होत्या. तिसऱ्या लाडवाला सगळा मांडव हसला. बायकांनी ती ओळ पुन्हा घेतली, आणि तेवढ्यात हिरूबाईंनी पदर तोंडात कोंबला, ताट सरकवलं आणि उठल्या. कुणाकडे न बघता मांडवाच्या मागल्या बाजूनं गेल्या त्या थेट टेंपोत जाऊन बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हे दहा जणींनी पाहिलं.

विहीण लटकी रुसते. खरी उठून गेलेली कुणी पाहिली नव्हती. हिरूबाईंचे दीर कोंडाजी मांडवात उभे राहून ओरडले, आमच्या वहिनीला तुमी भरल्या ताटावरून उठवलंत, आमी काय उपाशी घरचे हाओत? मालोजी टोपी हातात घेऊन टेंपोपर्यंत गेले. हिरूबाईंनी तोंडावरचा पदर काढला नाही. नुसता हात हलवला, जा म्हणून.

दुसऱ्या दिवशी बायजा आणि मालोजी साडी-नारळ घेऊन कशेळ्याला गेले. बायजानं हिरूबाईंचे पाय धरले. हिरूबाई म्हणाल्या, "असू दे, झालं ते झालं." पण कोंडाजी उंबऱ्यावर बसले होते, ते म्हणाले, "एवढ्यानं काय होत नाय." त्या वर्षी सुरेखाला पहिल्या दिवाळीला माहेरी पाठवलं नाही. बायजानं केलेल्या करंज्या शिळ्या होईपर्यंत डब्यात राहिल्या, मग तिनं त्या म्हशीला घातल्या.

पुढं सगळं रुळलं. सुरेखाला दोन मुलं झाली. कोंडाजी वारले. येणंजाणं, बारशी, श्राद्धं, सगळं नीट होत राहिलं. पण बायजा कशेळ्याला गेली की चहा घेऊन उठायची. त्या घरात पान मांडून ती कधी जेवली नाही. इथं कुणाला सांगितलं नाही, पण आपल्या तोंडानं आपल्या लेकीची दिवाळी खाल्ली, असं तिनं मनात धरून ठेवलं होतं. त्यानंतर तिनं एकही गाणं केलं नाही. बायका बोलवायला यायच्या, ती म्हणायची, गळा बसलाय. एवढी वर्षं कुणाचा गळा बसतो का? पण गावानं विचारलं नाही.

भांडणानंतर तीन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. चौथ्या दिवशी नवीनचा फोन आला. हर्षलानं तो मुद्दाम स्पीकरवर टाकला, सासूला ऐकू जावा म्हणून.

"वहिनी, काय ठरलं?"

"सासूबाई नको म्हणतात."

"मग मावशींना सांगा, त्या हळदीचा व्हिडिओ मोबाईलवर फिरतोय. कालच मला नेरळच्या एका पार्टीनं विचारलं, हे गाणं आम्ही बसवतो म्हणून. मी थांबवलंय. पण मी कुणाकुणाला थांबवणार? तुम्ही नाही गायलं तर दुसरं कुणी गाईल. त्यात मावशींचं नाव पण नसेल."

फोन बंद झाला. बायजा भाजी निवडत होती. एक जुडी संपवून तिनं दुसरी घेतली.

"म्हणजे ते वाजणारच," ती म्हणाली.

"असं दिसतंय," हर्षला म्हणाली. आता तिचा आवाज भांडणाचा नव्हता. "आई, मला खरंच एवढं वाटलं नव्हतं हो."

"कुणाच्या तरी भोंग्यातून त्यांच्या कानावर जाण्यापरीस मीच जाऊन सांगते. उद्या जाते."

"मी येऊ?" प्रवीणनं विचारलं.

"तू काय करणार येऊन? शिव्या खायला एक माणूस पुरं होतं."

सकाळी ती एसटीनं चौकपर्यंत गेली, तिथून कर्जत, कर्जतला कशेळ्याची जीप भरायची वाट पाहत अर्धा तास बसली. पिशवीत तिनं पापड घेतले होते आणि एक साडी. साडी का घेतली, तिलाच सांगता आलं नसतं. मागच्या वेळी नेली होती म्हणून असेल.

हिरूबाई ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी अधू, पण सूप हातात घेतलं की अजून एक दाणा बाहेर जायचा नाही. सुरेखानं आईला पाहिलं आणि तिच्या तोंडावरचा रंग गेला.

"काय गं, सगळं बरं हाय ना? बाबा बरे हायत ना?"

"बरे हायत. ईनबाईंशी बोलायचंय."

सुरेखानं चहा आणला आणि दाराशी उभी राहिली. बायजानं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. हर्षलानं गाणं म्हटलं, ते मोबाईलवर गेलं, आता शेलूचा माणूस ते काढणार आणि आपण नाही म्हटलं तरी दुसरे कुणी काढणार. "तुमचं नाव त्यात नसंल. पण गाणं तेच असंल. तुमाला कुठून तरी ऐकू येण्याआधी माझ्या तोंडून कळावं म्हणून आले. मागं जे झालं ते माझ्या पोरीवर निघालं. आता जे काय बोलायचं ते मला बोला. तिला नको."

हिरूबाईंनी सूप खाली ठेवलं. सुनेकडे पाहिलं.

"सुरेखा, शेजारून वाटीभर दही आण गं."

"दही घरात हाय, आत्या."

"शेजारचं आण."

सुरेखा गेली. हिरूबाईंनी दारापर्यंत नजर पोचवून ती गेल्याची खात्री केली. मग त्या बायजाजवळ सरकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "कुणी सांगितलं तुमाला मी रागावले म्हणून?"

"कुणी सांगितलं? सगळ्या मांडवानं पाहिलं. तुमी रडत गेलात."

"रडत नव्हते, बाई. हसत होते."

बायजाला कळेना.

"तुमी तिसरा लाडू ह्यांच्या सदऱ्यात घातलात ना? हे समोर खांबाला टेकून उभे होते, नवा सदरा घालून. गाणं ऐकलं आन ह्यांनी खरंच खिसा चाचपला. अवो, दोन्ही खिसे चाचपले. मी बघितलं. आन मला असं हसू फुटलं, असं फुटलं, की तोंडात पदर कोंबला तरी थांबंना." हिरूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "चार बाळंतपणं झालेली माझी. तुमाला काय सांगायचं, तुमीपण बाईच की. पाटावर बसल्या बसल्या सुटलं मला, खाली ओलं झालं. हिरवा शालू, मानाचा पाट, दोन्ही बाजूला बायका. मी काय करायचं होतं? उठले आन टेंपोत जाऊन पोत्यावर बसले. तिथंपण हसतच होते. डोळ्यांतनं पाणी येतं मला हसताना. अजून येतं."

बायजा त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मग कोंडाजीभावोजी ओरडाय लागले. आता मी काय सांगू त्यांना? रागानं नाय उठले म्हटलं असतं, तर मग उठलात कशाला, इचारलंच असतं. मांडवात, तीनशे माणसांत. म्हटलं, रागावले तर रागावले. मुलाची आई रागावलेली चालती, दुसरं काय चालत नाय."

"दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं. मी पाय धरले तुमचे."

"धरलेत." हिरूबाईंनी खाली पाहिलं. "खरं सांगू का? मला बरं वाटलं. त्या घरात मी सून म्हणून आले तवापासून सगळ्यांचे पाय मीच धरत आले. पयल्यांदा कुणीतरी माझे धरले. म्हटलं, राहू दे जरा."

"आन सुरेखाची दिवाळी?"

हिरूबाईंनी सूप परत जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "ते माझंच पाप. भावोजींनी ठरवलं, पण मी एक शब्द बोलले असते तर ती गेली असती. नाय बोलले. त्या दिवाळीला ती चुलीपाशी तोंड फिरवून करंज्या लाटत होती, तवा मला कळलं हे खेळाच्या भायेर गेलंय. पुढच्या सालापासून मी तिला आठ दिवस आधी धाडलं, धाडलं का नाय?"

"धाडलंत."

बायजाला राग आला होता. एवढ्या वर्षांचा तो राग तिला कुठं ठेवावा कळत नव्हतं. आपण गाणी सोडली, हर्षलाच्या लग्नात मुकी राहिलो, या ओट्यावर दरवेळी चोरासारखा चहा प्यालो, आणि ही बाई टेंपोत बसून हसत होती. काहीतरी कडक बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं. पण डोळ्यांपुढं आले ते व्याही, खांबाला टेकून, नवा सदरा, आधी उजवा खिसा, मग डावा. आणि तिच्या नाकातून असा आवाज निघाला की ओट्याखालची कोंबडी दचकून पळाली.

"हसू नका," हिरूबाई म्हणाल्या, "मला परत हसवू नका, माझं वय झालंय." आणि त्या स्वतःच हसायला लागल्या.

सुरेखा दह्याची वाटी घेऊन आली तेव्हा तिची आई आणि सासू एकमेकींच्या खांद्याला धरून रडत होत्या, असं तिला वाटलं. ती दारातच थांबली. मग तिनं नीट पाहिलं आणि वाटी खाली ठेवून कमरेवर हात घेतले.

"काय झालं?"

"काय नाय," हिरूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तुझ्या आईचं पान मांड. ती जेवून जाणार हाय."

जेवताना त्यांनी दुसरी गोष्ट काढली. "त्या दिवशी आमच्याकडच्या बायकांना उत्तर देता आलं नाय. मीच उठून गेले, देणार कोण? पण माझ्या मनात राहिलं. पुढं शेतावर एकटी असले की जुळवत बसायचे. ह्या पोरीसमोर तुमचंच गाणं गुणगुणायचे, तिला वाटायचं मी रागानं आठवण ठेवलीय. उत्तर मात्र कुणाला म्हणून दाखवलं नाय."

"म्हणा की."

"भात गार होईल."

"होऊ दे."

हिरूबाईंनी घास ताटात ठेवला आणि खरखरीत, पण सुरात म्हटलं.

*बायजाबाई ईनबाई, गाणं तुमचं गोड,*
*लाडवाला लागते गं कोयत्याची फोड.*
*पैला फुटला दातानं, दुसरा वरवंट्यानं,*
*तिसरा लाडू फुटला आमच्या टेंपोच्या चाकानं.*

बायजानं कान देऊन ऐकलं, हसली नाही. लाडवांचा पाक त्या वेळी खरंच जास्त झाला होता; ही गोष्ट आजवर तिला कुणी तोंडावर सांगितली नव्हती.

"तिसऱ्या ओळीत जरा जागा सोडा," ती म्हणाली. "वरवंट्याला ठोका येतो तिथं. ढोलकी तिथंच घेईल. परत म्हणा."

हिरूबाईंनी परत म्हटलं. सुरेखा वाढायची पळी हातात धरून उभीच राहिली. "तुमी मला सांगायचं होतं, आत्या," ती म्हणाली. "बावीस वर्षं मी ते गाणं तुमच्यापासून लपवून म्हणत होते."

"आन मी माझं उत्तर तुझ्यापासून. बस आता जेवायला."

निघताना बायजानं पिशवीतली साडी काढली. हिरूबाईंनी ती तिच्याच पिशवीत परत कोंबली. "एका गाण्याला एकच साडी घेतात. आन ऐका, त्या शेलूच्या माणसाला सांगा, माझं नाव काढायचं नाय. माझ्या पाटावर दुसऱ्या कुठल्या बाईला लाडू खायला बसवलंत तर मी खरीच रुसेन."

"तो म्हणतो, नाव असलं तर गाणं चालत नाय. दुसऱ्याच्या लग्नात कोण वाजवणार?"

"का नाय वाजवणार? प्रत्येकाच्या घरी एक हिरूबाई असतीच."

बायजा जीपमध्ये खिडकीजवळ बसली. या रस्त्यानं परत येताना तिला कधी झोप लागत नसे. सुरेखाचा चेहरा नीट होता का, हिरूबाई अमुक बोलल्या त्याचा अर्थ काय, हेच कर्जतपर्यंत चाले. आज कशेळ्याची शेवटची दुकानं मागं पडायच्या आत तिनं पायातल्या चपला काढल्या, पाय पिशवीवर ठेवले आणि तोंड उघडं टाकून झोपली. शेजारच्या बाईच्या खांद्यावर तिचं डोकं दोनदा गेलं. कर्जतला ड्रायव्हरनं पत्रा वाजवून उठवलं तेव्हा तिला क्षणभर कळेना आपण कुठं आहोत, आणि न कळण्यातही तिला बरं वाटलं. पोट जड होतं. चौकच्या बसमध्ये चढताना एक नवीच ओळ तिच्या डोक्यात आली, हर्षलाची, तिच्या त्या परातीत पीठ आपटण्याची. पंधरा वर्षं उशीर झाला होता. तिनं ती पुढच्या स्टॉपपर्यंत घोळवली, तिला यमक जुळेना, तरी सोडली नाही.

घरी दिवेलागण झाली होती. तिघंही घरात होती आणि तिघांनीही काही न विचारता तिच्याकडे पाहिलं. मालोजींनी टीव्ही बंद केला. हे इतकं अघटित होतं की प्रवीण उठून उभा राहिला.

"काय म्हणाल्या?" त्यानं विचारलं. "ताईला काही…?"

"तुझी ताई बरी हाय. त्या रागावल्या नव्हत्या."

"रागावल्या नव्हत्या? मग उठून कशाला गेल्या होत्या?"

"बाईचं काम होतं."

"मग एवढी वर्षं…"

"तेच म्हणते मी."

मालोजी हळूच म्हणाले, "मी टोपी काढली होती गं त्यांच्यापुढं. कोंडाजीच्या देखत."

"मी पाय धरले होते. गेलं ते." बायजानं पिशवी खुंटीला अडकवली आणि सुनेकडे वळली. हर्षला भिंतीला टेकून उभी होती, शिव्या खायच्या तयारीनं. "त्या नवीनला फोन लाव आन सांग, दुसऱ्या कुणाला देऊ नको. आमी येतो."

"आणि नाव?" हर्षलानं विचारलं. "तो म्हणतो, नाव काढलं नाही तर हिट होणार नाही."

"नाय झालं तर नाय झालं."

"आमी म्हणजे कोण?" प्रवीणनं विचारलं.

बायजानं हातपाय धुतले, तोंड पुसलं आणि पाटावर बसली. मग सगळ्यांना मिळून सांगितलं. "बुधवारी मी आन हिरूबाई शेलूला जाणार. पैलं कडवं माझं, दुसरं त्यांचं, हर्षला आन तिच्या बाया मागं धरतील. नावं हायत तशीच राहतील. हिरूबाई मंगळवारी येतील, दोन दिस राहतील. त्यांना गुडघ्यांमुळं खाली झोपता येत नाय, त्यांना खाट लागंल. तुमी पडवीत झोपा."

शेवटचं वाक्य मालोजींना होतं.